कोयत्याच्या हिशेबात लेकरू कुठे धरलंय?

राज्यातल्या सर्व सहकारी आणि खासगी साखर कारखान्यांचे मा. अध्यक्ष आणि संचालक मंडळ यांस,

सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात अंगणवाडी सेविका आहे. यंदा सतरावं वर्ष. माझ्या आईवडिलांनी सव्वीस हंगाम ऊस तोडला. मुकादम, म्हणजे टोळी जमवून नेणारे ठेकेदार, बदलले, जिल्हे बदलले, दोन हंगाम ते कर्नाटकातही जाऊन आले. आता दोघं घरी असतात. आईची कंबर गेली आहे आणि दादांचे गुडघे.

हे पत्र तोडणीच्या दराबद्दल नाही. तो प्रश्न मोठा आहे आणि त्यावर भांडणाऱ्या संघटना आहेत. मला सहा वर्षांच्या आतल्या लेकरांबद्दल बोलायचं आहे. ती लेकरं पुढे कशी माणसं होतात, संसार कसा करतात, आपल्या पोरांना कशी जवळ घेतात, याबद्दल.

तुमच्या हिशेबात नवराबायको मिळून एक कोयता होतो. एकटं माणूस असेल तर अर्धा कोयता. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते. खाडा, म्हणजे काम चुकलेल्या दिवसाची कपात, कोयत्यावर पडतो. दसरा-दिवाळीच्या आगेमागे आमच्या गावातून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून निघतात, तेव्हा त्यात ज्वारीची पोती असतात, भांडी, ताडपत्र्या, कोंबड्या, एखादी शेळी असते आणि या सगळ्याच्या फटीत लेकरं बसलेली असतात. ती कोणत्याच कागदावर नसतात. जी मागे राहतात ती आज्जीच्या पदराला बांधली जातात. त्यांचाही कागद नसतो.

मी मागे राहिलेल्यांपैकी.

1988 चा हंगाम. मी अडीच वर्षांची होते आणि आईला पाचवा महिना होता. आदल्या वर्षी मला सोबत नेलं होतं, तिथे मला गोवर झाला आणि मी मरता मरता वाचले. म्हणून या खेपेला मला आज्जीकडे ठेवायचं ठरलं. ट्रक रात्री दोनच्या सुमाराला आला. लेकरू जागं असलं तर गळ्याला मिठी मारतं आणि आईचा पाय निघत नाही, म्हणून झोपेतच सोडून जायचं, ही आमच्याकडची रीत. आईने मला आज्जीच्या कुशीत सरकवलं, आपलं एक जुनं लुगडं माझ्या अंगावर टाकलं आणि ती गेली.

मला यातलं काही आठवत नाही. एवढ्या लहानपणीचं सहसा कुणाला आठवत नाही. हे सगळं आज्जीने सांगितलेलं, आणि ती दर वेळी त्याच क्रमाने सांगायची. "पहिले चार दिस तू दारात बसून बोंबलत व्हतीस. येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीमागं पळायचीस. मग आठ-दहा दिस तुकडा मोडला न्हाईस. लुगडं तोंडाला लावून नुसती पडायचीस. मग एक दिवस उठलीस, कोंबड्यांमागं पळाया लागलीस. म्या म्हणलं, चला, लेकरू रुळलं एकदाचं."

चैत्रात पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि आई आली. काखेत माझा दोन महिन्यांचा भाऊ होता, कोपीत, म्हणजे तोडणीच्या तळावरच्या झोपडीतच जन्मलेला. तिने त्याला ओट्यावर ठेवलं आणि माझ्यापुढे दोन्ही हात केले. मी तिच्याकडे बघितलं आणि आज्जीच्या मागे जाऊन उभी राहिले. तिने खाऊ आणला होता, तो मी आज्जीच्या हातून घेतला. माझी आई सव्वीस हंगामांच्या सगळ्या गोष्टी सांगते. या एका गोष्टीपाशी आली की ती उठून चुलीकडे जाते.

आमच्या घरची गोष्ट म्हणून ही मी मनात ठेवली होती. मुक्त विद्यापीठातून बी.ए. करताना मानसशास्त्राचा पेपर होता. त्यात वाचलं, की 1952 साली लंडनमध्ये जेम्स रॉबर्टसन नावाच्या समाजसेवकाने एका लहान मुलीचं रुग्णालयात चित्रण केलं होतं. मुलगी सुमारे अडीच वर्षांची. छोट्या शस्त्रक्रियेसाठी तिला आठ दिवस ठेवलं होतं आणि त्या काळच्या नियमाप्रमाणे आईबापांना जेमतेम भेटायला मिळत होतं. आईपासून तुटलेल्या कितीतरी लेकरांत रॉबर्टसन आणि त्यांचे सहकारी जॉन बोल्बी यांनी तीन टप्पे पाहिले. आधी लेकरू रडून-ओरडून आईला परत बोलावतं. मग आशा सोडून मलूल पडतं. मग ते शांत होतं, खेळायला लागतं, जेवायला लागतं, आणि आई समोर आली तरी तिच्याकडे वळत नाही. रुग्णालयांतल्या नर्सना हा तिसरा टप्पा बरं वाटल्याची खूण वाटत असे. बोल्बी-रॉबर्टसन म्हणाले, हे लेकरू सावरलेलं नाही, त्याने आतून दार लावून घेतलं आहे.

आज्जीचं "पहिले चार दिस", "मग आठ-दहा दिस" आणि "मग एक दिवस" मला तिथे जसंच्या तसं सापडलं. पुस्तक मिटून मी बराच वेळ बसले होते. त्या मुलीला आठ दिवस होते. मला सहा महिने होते, आणि पुढच्या हंगामाला परत सहा.

रॉबर्टसनचं म्हणणं सुरुवातीला डॉक्टरांनी मानलं नाही. मोठे वाद झाले. पण 1959 साली ब्रिटन सरकारच्या प्लॅट समितीने शिफारस केली की आजारी मुलांना आईबापांनी हवं तेव्हा भेटावं आणि लहान लेकराजवळ आईला राहू द्यावं. हळूहळू रुग्णालयांचे नियम बदलले. म्हणजे जे "असंच चालतं" म्हणून चाललेलं असतं, ते कारभार पाहणाऱ्या माणसांनी ठरवलं तर बदलतं. म्हणून मी हे तुम्हाला लिहिते आहे.

आता त्या लावून घेतलेल्या दाराचं पुढे काय होतं ते सांगते.

लग्नानंतर माझे मिस्टर पुण्याला कंपनीत होते. महिन्यातून दोनदा गावी यायचे. ते निघायच्या आदल्या दिवसापासून माझं बोलणं बंद व्हायचं. भांडण काही नसायचं. ते बॅग भरायचे आणि मी परसात जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासत बसायची. ते परत आले की आनंद व्हायचा सोडून मी पाहुण्याला ठेवावा तसा चहा ठेवायची. दुसऱ्या दिवशी दुपार होईपर्यंत मला त्यांच्याजवळ बसवत नसे. एकदा त्यांनी विचारलं, "मी आलेलं तुला नको असतं का?" मला काही सांगता आलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. माणूस गेलं की आपण रुळायचं, आणि आलं की ते परत जाणारच आहे हे धरून चालायचं, एवढंच माझ्या अंगाला ठाऊक होतं. माझी मुलगी झाली, तिला ताप आला, तर मी औषधाचा एक डोस चुकवत नसे. पण तिला नुसतं मांडीवर घेऊन बसणं मला शिकावं लागलं.

माझा भाऊ माझ्या उलट. त्याला आई सहाही महिने होती. पहाटे चारला टोळी फडावर, म्हणजे तोडणीच्या शेतात, जायची तेव्हा तो तिच्या पाठीशी असायचा. बांधावरच्या बाभळीला झोळी बांधली जायची आणि आई उसात शिरायची. झोळीतलं लेकरू रडलं आणि ती हातातलं काम टाकून आली, तर मोळ्या बांधायच्या राहतात, नवऱ्याची पात मागे पडते, मुकादम ओरडतो. एकदा, दोनदा ती यायची. मग म्हणायची, रडून रडून झोपेल. तो खरंच झोपायचा. वर्षाचा होईस्तोवर त्याचं रडणंच कमी झालं आणि सगळी टोळी म्हणायची, गुणाचं लेकरू आहे.

तो आजही गुणाचाच आहे. कुणाला दुखावत नाही, कुणाकडे काही मागत नाही. माझी भावजय मला म्हणाली होती, "ताई, ह्यांना काय दुखतंय ते मला शेजारणीकडून कळतं." मागच्या वर्षी त्याच्या पायात सळई घुसली. तीन दिवस त्याने घरी सांगितलं नाही. सांगून कुणी येतं, हे त्याच्या गावीच नाही.

एका घरातल्या दोन भावंडांवरून शास्त्र होत नाही, हे मला कळतं. पण याचा अभ्यास करणाऱ्यांनी दोन भावंडांवर भागवलेलं नाही. मेरी एन्सवर्थ या बाईंनी 1950 च्या दशकात युगांडातल्या खेड्यांत घरोघरी जाऊन आया आणि तान्ही मुलं पाहिली, तीही शेतात राबणाऱ्या बायांची. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला त्यांनी हेच काम जास्त बारकाईने केलं. त्यांना दिसलं ते साधं आहे. लेकरू रडतं, हात पुढे करतं, आणि कुणीतरी ओळखीचं माणूस येतं. हे हजारदा घडलं की लेकराच्या आत एक अंदाज बसतो, की जगात हाक मारली तर ओ मिळते. हजारदा घडलं नाही तर दुसरा अंदाज बसतो. बोलता येण्याआधी बसलेला अंदाज, त्यामुळे तो शब्दांनी सहजी खोडता येत नाही. अमेरिकेतच मिनेसोटा राज्यात 1970 च्या दशकात गरीब घरांतल्या पहिलटकरणींपासून एक अभ्यास सुरू झाला आणि त्या लेकरांची सोबत तो ती मोठी होईपर्यंत करत राहिला. वर्षाच्या वयात आईशी जसं नातं होतं, त्याचा धागा शाळेतल्या मैत्रीतून जात जात विशीतल्या जोडीदाराशी होणाऱ्या भांडणापर्यंत पोचलेला त्यांना दिसला. भांडण होतंच, ते मिटवता येतं की नाही यात फरक होता.

त्याच अभ्यासात हेही दिसलं की मधल्या वर्षांत बरं किंवा वाईट काही घडलं तर धागा वळतो. पहिल्या तीन वर्षांत सगळं ठरून जातं, असं मी म्हणत नाही. तसं असतं तर मी हे पत्र लिहिलंच नसतं आणि माझ्या मिस्टरांच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला पंधरा वर्षांनीही सापडलं नसतं.

आणि यातून आयांना बोल लावू नका. याची मला फार धास्ती आहे. आमच्या मीटिंगमध्ये बालसंगोपनावर बोलायला कुणी आलं की बोट आईकडेच जातं. लेकराला वेळ द्या, गोष्ट सांगा, अंगाई म्हणा. उचल घेऊन बसलेल्या बाईला हे सांगायचं? तिच्या डोक्यावर मोळी असते आणि ती फळीवरून ट्रकवर चढत असते. भरणीची गाडी रात्री अकराला आली तर रात्री अकराला. वेळ तिच्या हातात नाही. तो मुकादमाच्या हातात आहे आणि मुकादमाच्या वर तुमच्या तोडणीच्या कार्यक्रमात आहे. बापाचंही तसंच. दादांनी मला लहानपणी कधी उचलून घेतलेलं आठवत नाही, आणि आता ते माझ्या मुलीला खांद्यावरून उतरवत नाहीत. प्रेम नव्हतं असं नाही.

माझ्या अंगणवाडीत मी काय बघते ते सांगते, मग मागण्यांकडे येते. एप्रिलमध्ये लेकरं परत येतात. वजन घटलेलं असतं, ते मी वहीत लिहिते आणि सरकारच्या पोषण ट्रॅकर ॲपवर भरते. पण वजनकाट्यावर न दिसणारं बरंच असतं. एक पोरगा खाऊतली अर्धी उसळ मुठीत धरून खिशात घालायचा. खिसा ओला व्हायचा. "आणखी आहे रे," म्हटलं तरी ऐकायचा नाही. दुसरी एक चार वर्षांची. आमच्या पर्यवेक्षिका बाई आल्या की ती सरळ त्यांच्या मांडीवर जाऊन बसायची. पोषण आहाराचं पोतं घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरच्याही कडेवर जायची, आरोग्य शिबिराला आलेल्या परक्या डॉक्टरांच्याही. सगळे म्हणायचे, किती धीट पोर! मला ते बघवत नसे. जिला कुणीही चालतं, तिला कुणीच आपलं नसतं. ती सहा महिने टोळीतल्या ज्या हाताला येईल त्या हातात वाढली होती.

रुमानियात चाउशेस्कूची राजवट 1989 मध्ये कोसळली, तेव्हा तिथल्या सरकारी बालगृहांत हजारो लेकरं सापडली. खायला मिळत होतं, पण एका माणसाच्या वाट्याला इतकी लेकरं होती की कुणी कुणाचं नव्हतं. तिथेही असलीच, दिसेल त्याला बिलगणारी पोरं होती. बुखारेस्टमध्ये 136 लेकरांवर एक अभ्यास झाला. त्यातल्या निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून प्रशिक्षण दिलेल्या घरांत सांभाळायला दिलं. त्या लेकरांची वाढ सुधारली, जवळीक बांधण्याची ताकद परत आली, आणि जी दोन वर्षांच्या आत घरात गेली त्यांच्यात ती सगळ्यात जास्त परत आली. लवकर हात दिला तर लेकरू उभं राहतं. शाळेच्या वयाची वाट बघत बसलो तर हात उशिरा पोचतो.

इथेच आपली सगळी व्यवस्था चुकते. साखरशाळा, म्हणजे तळावरच्या हंगामी शाळा, काढल्या त्या शाळेच्या वयाच्या मुलांसाठी. हंगामी वसतिगृहं आहेत तीही त्यांच्यासाठीच. स्व. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं, त्याला कारखान्यांनी टनामागे 10 रुपये द्यायचे ठरलं, संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहं सुरू झाली. याचा मला मनापासून आनंद आहे, कारण त्या वसतिगृहांत शिकणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. पण दोन वर्षांच्या लेकराला वसतिगृहात ठेवता येत नाही. त्याच्यासाठी आज एकच वसतिगृह आहे, त्याची आठ-नऊ वर्षांची बहीण. ती कोपीत भावंडाला सांभाळत बसते, म्हणून तिची शाळाही जाते.

तुमच्या भागात अंगणवाड्या आहेत, हे मला माहीत आहे. तिथल्या काही सेविका स्वतः कोप्यांवर जाऊन लेकरांना घेऊन येतात. पण अंगणवाडी सकाळी नऊ-दहाला उघडते आणि दुपारी मिटते. टोळी पहाटे चारला गेलेली असते आणि दिवस मावळता परत येते. त्या वेळात लेकरू कुणाकडे?

आमच्या अंगणवाडीच्या कामाची आई म्हणजे ताराबाई मोडक. त्यांनी आणि अनुताई वाघांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं. लेकरं बालवाडीत येत नाहीत म्हणून हातावर हात ठेवून बसल्या नाहीत, पाड्यावरच्या अंगणात बालवाडी घेऊन गेल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, तिथे वारल्यांची पोरं गुरं राखायला कुरणात जायची, तर शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. 1969 मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामावरच्या मातीत पडलेली लेकरं बघितली आणि बांधकामाच्याच जागेवर तंबूत पाळणाघर सुरू केलं. ते काम आजही चालू आहे. कुरणात शाळा जाऊ शकते, इमारतीच्या पायाशेजारी पाळणाघर चालू शकतं, तर उसाच्या फडावर का नाही?

मला जे सुचतं ते लिहिते. अधिकाऱ्यांना याहून चांगलं सुचेल.

कोप्यांच्या तळावर पाळणाघर हवं आणि ते पहाटे चारला उघडं हवं. त्याला इमारत लागत नाही. पक्कं छप्पर, कुंपण, दिवा, पिण्याचं पाणी, अंथरूण आणि दोन बाया. बाया त्याच टोळीतल्या किंवा त्याच गावच्या घ्या. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. लेकराला माणूस ओळखीचं लागतं आणि हंगामभर तेच लागतं. दर आठवड्याला नवी बाई आली तर पाळणाघर असून नसल्यासारखं. प्रत्येक टोळीत एखादी बाई अशी असते, जिची कंबर आता तोडणी झेपवत नाही आणि जिच्या कडेवर टोळीतली सगळी पोरं वाढलेली असतात. तिला अर्ध्या कोयत्याची मजुरी द्या. तिचं काम अर्ध्या कोयत्याहून कमी नाही.

अंगावर पिणारी लेकरं तळावर ठेवून भागणार नाही, कारण फड कधी दोन किलोमीटरवर असतो तर कधी पंधरा. त्यांच्यासाठी एक ट्रॉली फडावर जाऊ द्या. वर ताडपत्री, खाली गादी, सोबत एक बाई. आणि आईला दोन-तीन तासांनी येऊन पाजण्याची मोकळीक द्या, जी खाड्यात धरली जाणार नाही. हे मुकादमावर सोडू नका. करारात लिहा. 1948 च्या फॅक्टरी कायद्यातच, ठरावीक संख्येच्या वर बाया कामाला असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर सांगितलेलं होतं. बायांची ती संख्या पुढे 30 वर आणली गेली. तो नियम कारखान्याच्या आतल्या बाईसाठी होता. आमची बाई तुमच्या हजेरीपटावर नसते, ती मुकादमाची असते. म्हणून गेटच्या आत आणि गेटच्या बाहेर अशी लेकरांची वाटणी झाली आहे. केंद्राची 'पालना' योजना 2022 पासून आहे, तिच्यात अंगणवाडीला जोडून पाळणाघर काढता येतं. महिला व बालविकास विभाग आणि तुम्ही एकत्र बसलात तर पैशाची वाट निघेल.

आणि मागे राहणाऱ्या लेकरांसाठी. अमेरिकेच्या हवाई बेटांतल्या काउआईवर 1955 साली जन्मलेल्या 698 लेकरांचा माग एमी वर्नर यांनी कित्येक दशकं ठेवला. गरिबी, आजारपण, घरातली भांडणं यांच्या विळख्यात वाढलेल्या लेकरांतली साधारण एक तृतीयांश चांगली, मायाळू, कर्तबगार माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात एक तरी माणूस असं होतं की ज्याने त्यांना धरून ठेवलं. पुष्कळदा ती आज्जी होती. मी माझ्या आज्जीला हे वाचून दाखवू शकले नाही, ती त्याआधीच गेली. ती नसती तर मी आज कुठे असते मला सांगता येत नाही. तर आज्जी हीसुद्धा तुमच्या कारखान्याची कामगार आहे. ती लेकरू सांभाळते म्हणून कोयता पूर्ण भरतो. तिला महामंडळाकडून हंगामापुरतं काही मानधन मिळावं. आणि संक्रांतीच्या सुमाराला लेकराला भेटून येण्यासाठी आईला दोन दिवस द्या, खाडा न धरता, जाण्यायेण्याच्या गाडीसह. सहा महिन्यांच्या मधे एकदा आई दिसली, तर लेकराच्या लेखी ती परत येणारी आई राहते.

माझ्या हातात जे आहे ते मी करते. गेली सात-आठ वर्षं मी गावातल्या बायांना सांगते, लेकराला झोपेत सोडून जाऊ नका. उठवा, जवळ घ्या, सांगा की मी ऊस तोडायला जाते आणि होळी झाली की येते. रडेल. रडू द्या. तुम्हीही रडा. रोज रात्री फोन लावा, रेंज नसली तर दुसऱ्या दिवशी लावा, आणि आवाज ऐकून लेकराला रडू आलं म्हणून फोन बंद करू नका. पहिल्या वर्षी दोघींनी ऐकलं. मागच्या दसऱ्यानंतर ट्रक निघाला तेव्हा रात्री दोन वाजता आमच्या चौकात सगळी लेकरं जागी होती आणि असा आकांत झाला की मुकादम माझ्यावर चिडला, तुमच्यामुळे तासभर उशीर झाला म्हणाला. पण एप्रिलमध्ये ट्रक परत आला तेव्हा तीन वर्षांची एक पोर आज्जीचा हात सोडून धावली. आईने तिला उचललं तर तिने आईच्या गालावर दोन चापट्या मारल्या आणि मग मानेत तोंड खुपसलं. तिची आई घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, मारू दे, चांगलं आहे. माझी आई त्या वेळी तिथेच उभी होती.

प्रवरानगरला 1950 च्या सुमाराला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा कारखाना उभा केला, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ पाठीशी उभे राहिले, तेव्हा सहकारातून शेतकऱ्याची पोरं वर येतील हा विचार होता. ती आली. तुमच्या परिसरात आज शाळा आहेत, इंजिनिअरिंगची कॉलेजं आहेत, दवाखाने आहेत. उसाच्या जिवावर एवढं उभं करणाऱ्यांना शे-दोनशे लेकरांचं एक छप्पर जड नाही.

दसऱ्याला आता थोडेच दिवस राहिले आहेत. तुमच्याकडे बॉयलर पेटेल, गव्हाणीत पहिली मोळी पडेल. आमच्या गावातून यंदा सहा वर्षांखालची अकरा लेकरं आईबापांबरोबर जाणार आहेत आणि चौदा मागे राहणार आहेत. जाणाऱ्या अकरांची मी एक वही केली आहे. त्यात नाव, जन्मतारीख, वजन, दंडघेर, लसी आहेत. शेवटच्या रकान्यात मी माझ्या मनाने लिहिलं आहे: कुणाला कशाची भीती वाटते, कोण कोणत्या गाण्याने झोपतं, कुणाला अंधारात हात धरायला लागतो. एकाला नुसतं 'पिल्या' म्हटलं तरच तो वळून बघतो.

ही वही तुमच्या कारखान्यावर कुणाच्या हातात द्यायची, तेवढं कळवावं.

आपली,
एक अंगणवाडी सेविका, जिल्हा बीड